देवाच्या मांडवातील अनाहूत प्रेक्षक

(देवस्थानच्या वार्षिक उत्सवात महाजन मंडळींपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उत्सवाची निमंत्रणपत्रिका घरी आली की ती प्रत्येकजण आपापल्या गरजेप्रमाणे वाचतो. वडीलधारी मंडळी अभिषेक, लघुरुद्र आणि महाआरती यांच्या वेळा पाहतात. घरातील स्त्रिया कुंकुमार्चन नि ओटी यांचा दिवस लक्षात ठेवतात. मुंबईहून किंवा बेळगावहून येणारा महाजन महाप्रसादाची वेळ आणि परतीच्या गाडीची वेळ एकमेकींशी ताडून पाहतो. पत्रिकेच्या अगदी तळाशी 'रात्रौ नाट्यप्रयोग' असे दोन शब्द असतात. त्यांच्यापाशी फारसे कोणी थांबत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय ते दोन शब्द हाच आहे.

देवालयातील प्रत्येक विधीला कोणी तरी ठरलेला धनी असतो. अभिषेकाला यजमान असतो, पालखीला मानकरी असतात, नैवेद्याला त्या त्या घराण्याची पाळी असते. महाप्रसादाची पाने किती पडणार याचाही अंदाज आधी घेतलेला असतो. रात्रीचे नाटक मात्र ज्याच्यासाठी होते तो माणूस कोण, हे पत्रिका छापणाऱ्यांनाही ठाऊक नसते. तो वाटेने जाणारा असेल, शेजारच्या गावचा असेल, परधर्मीय शेजारीही असेल. त्याला पत्रिका गेलेली नसते, त्याने तिकीट काढलेले नसते, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या स्वतःच्या मनातही नाटक नसते. तो येतो, त्याला बसायला जागा मिळते, आणि उजाडता उजाडता तो घरची वाट धरतो. या अनाहूत प्रेक्षकाला देवस्थानाच्या दप्तरात नाव नाही. परंतु गोमंतकातील मराठी रंगभूमी बऱ्याच अंशी त्याच्याच भरवशावर उभी राहिली, आणि त्याची जागा राखणे हे महाजनांच्या कर्तव्यात मोडते, एवढेच प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

हा प्रेक्षक हिवाळ्यातच का यावा, हे प्रथम पाहू. गोव्यातील देवळांच्या जत्रांचा फार मोठा भाग कार्तिकापासून माघापर्यंतच्या चार महिन्यांत येतो. फातर्प्याची जत्रा पौषातली, म्हापशाच्या बोडगेश्वराची पौषातली. कवळ्याच्या शांतादुर्गेची माघ शुद्ध पंचमीची आणि मंगेशीची माघ पौर्णिमेची. या काळात भाताची मळणी होऊन धान्य घरात आलेले असते, कुळागरातील सुपारीचे चार पैसे हाती येऊ लागलेले असतात, आणि ज्या आकाशाने चार महिने अंगणात कोणाला बसू दिले नाही ते आकाश स्वच्छ झालेले असते. गोव्याची थंडी मुळात सौम्य. किमान तापमान २० अंशांच्या आसपास रेंगाळते. उघड्यावर बसवू नये इतकी ती कडक नाही, आणि शेजाऱ्याच्या घोंगडीत शिरावेसे वाटू नये इतकी नगण्यही नाही. उघड्या अंगणातील नाटकाला याहून अनुकूल हवा मागून मिळणार नाही.

आता अशी एक रात्र डोळ्यांपुढे आणावी. काळ खेड्यांत वीज येण्यापूर्वीचा. फोंडे महालातील एक गृहस्थ सुपारीचा हिशोब चुकता करून घरी परतत आहे. बरोबर दहा वर्षांचा भाचा. रात्र पडली आहे, हातात माडाच्या झावळ्यांची पेटती चूड आहे, आणि वाट कुळागरातून जाते. आंब्याच्या मोहोराचा वास दंवात भिजून जड झालेला. वाटेवरल्या देवळाची पालखी नुकतीच आत गेली असावी, कारण नौबत थांबली आहे आणि तिच्या जागी पायपेटीचे सूर ऐकू येऊ लागले आहेत. मुलाचे पाय आपोआप थांबतात.

"मामा, एवढा एक अंक पाहून जाऊ."

"एकच हं. घरी मामी वाट पाहत असेल."

वहाणा हातात घेऊन दोघे मांडवाच्या कडेला उभे राहतात. कोणी अनोळखी माणूस मान न वळवता थोडा सरकतो आणि चटईचा कोपरा मोकळा करून देतो. थोड्या वेळाने तोच माणूस, तेवढ्याच निर्विकारपणे, आपल्या घोंगडीचे एक टोक मुलाच्या अंगावर टाकतो. नाटक 'सौभद्र'. तीर्थयात्रेच्या निमित्ताने रानोमाळ भटकणारा अर्जुन समोर उभा आहे, आणि वाट सोडून आलेला हा गृहस्थ त्याच्याकडे पाहत आहे. गॅसबत्ती मंदावते, तेव्हा एक मनुष्य सरळ रंगमंचावर चढून तिला हवा भरतो. तोवर अर्जुन आपला विरह आवरून धरतो. बत्ती फुलते, विरह पुन्हा सुरू होतो, आणि यात कोणालाच काही वावगे वाटत नाही.

एक अंक संपतो. गृहस्थ उठण्याचे मनात आणतो, पण मूल झोपले आहे. झोपलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन थंडीतून दोन कोस जाण्यापेक्षा दुसरा अंक बरा, असे तो स्वतःला समजावतो. मुलाला जाग येते ती घटोत्कचाच्या गर्जनेने. ते किंचाळते, मग डोळे चोळून नीट पाहते, आणि त्या राक्षसात त्याला मामाच्या घराची कौले परवाच शाकारून गेलेला माणूस दिसतो. भीती नाहीशी होते, पण राक्षस राक्षसच राहतो. नाटक म्हणजे काय, हे त्या मुलाला त्या क्षणी कळते. पुढे कोणताही ग्रंथ वाचून त्याहून अधिक कळणार नाही.

गृहस्थाला कळते ते वेगळेच. सुभद्रा पुढे येते. भूमिका गावातल्याच एका गोऱ्या, सडपातळ तरुणाची. तिच्या अंगावरचा शालू त्याला ओळखीचा वाटतो. काठाजवळ एके ठिकाणी रफू आहे. तो शालू त्याच्याच घरचा, लग्नातला. नाटकासाठी कोणी मागून नेला असेल हे त्याला ठाऊक नव्हते. आणि आपण वाटेत नाटकाला बसू हे त्याने घरी सांगितले नव्हते. तो हळूच स्त्रियांच्या बाजूला पाहतो. शेजारणींच्या घोळक्यात, डोक्यावरून पदर घेऊन, मामी बसलेली असते. आपला शालू दिव्याच्या उजेडात कसा दिसतो, हे ती डोळे भरून पाहत असते.

पहाटे भरतवाक्य झाल्यावर तिघे एका वाटेला लागतात. चूड केव्हाच विझली आहे, आणि आता तिची गरजही नाही. बराच वेळ कोणी बोलत नाही.

"घरी कोण आहे?" अखेर तो विचारतो.

"कोणी नाही. देवाला राखण सांगून आले."

आणि मग सुभद्रेने शालूचा पदर चुलीच्या धुरात भरवला की काय, ही चिंता ती घरापर्यंत करीत राहते.

ही रात्र कोणा एका कुटुंबाची नव्हे. फोंडे, डिचोली, पेडणे, सत्तरी, काणकोण या महालांतील हजारो कुटुंबांच्या अशा रात्री एकत्र गुंफल्या की ही गोष्ट तयार होते. ऐकणाऱ्यांपैकी ज्यांची सत्तरी उलटली आहे, त्यांना तिच्यात काही नवीन वाटणार नाही. तिच्यातील तीन गोष्टींचा मात्र विचार करण्यासारखा आहे.

पहिली गोष्ट ही की, नाटक पहाटेपर्यंत चाले ते केवळ हौसेखातर नव्हे. उत्सवाला लांबून आलेल्या माणसाला पालखी आटोपल्यावर रात्री परत जाणे शक्य नसे. वाट रानातली, वाहन नाही, आणि अग्रशाळा महाजन कुटुंबांनीच भरून गेलेली. अशा माणसाची रात्र कोठे जावी? देवस्थानाने दुपारी त्याला जेवू घातले. रात्री त्याला निवारा, उजेड आणि सोबत दिली ती नाटकाच्या रूपाने. म्हणून हे नाटक अन्नसंतर्पणाच्याच पंक्तीतले मानले पाहिजे. जेवायला बसलेल्याला कोणी गाव-गोत्र विचारून वाढत नाही. मांडवात बसलेल्यालाही निमंत्रण विचारले जात नसे. पेडण्यात व लगतच्या सावंतवाडी-वेंगुर्ले भागात दशावतारी मंडळींचा दहिकाला याच न्यायाने चालत आला. एक बाक, मागे एक पडदा, लिहिलेली संहिता नाही, संकासुराची थट्टा, मग रात्रभर पुराणातले एखादे आख्यान, आणि उजाडताना हंडी फोडून काला. तो काल्याचा प्रसाद रात्रभर जागलेल्या प्रत्येकाच्या हातावर पडे.

दुसरी गोष्ट ही की, पाहणाऱ्याला जी रात्र अचानक मिळाली तिची तयारी करणाऱ्यांनी कित्येक आठवडे केलेली असे. चतुर्थी आटोपली की नारळ ठेवून तालमींना प्रारंभ होई. दिवसभर शेतात, दुकानात किंवा सुताराच्या कामठ्यावर राबलेली माणसे रात्री नक्कल पाठ करीत. 'सौभद्रा'सारख्या पाच अंकी नाटकात शंभराहून अधिक पदे. ती सगळी बसवणे म्हणजे गावाला गायनाची शाळाच घालणे होय. पडदे रंगवणारा गावचा, पेटीवाला शेजारच्या गावचा, शालू-दागिने महाजनांच्या घरचे, आणि पडद्याआड पुस्तक घेऊन बसणारा प्रॉम्प्टर बहुधा शाळामास्तर. एका माणसाने वाट सोडून आत यावे, आणि त्याच्यासाठी सबंध गाव आधीच जागे असावे, यालाच आतिथ्य म्हणतात.

तिसरी गोष्ट भाषेची. पोर्तुगीज राजवटीत सरकारदरबाराची भाषा पोर्तुगीज, घरातली आणि बाजारातली कोकणी. मराठी सामान्य माणसाच्या कानी पडे ती कीर्तनातून, पुराणातून आणि या नाटकातून. ज्याने मराठी पुस्तक कधी हाती धरले नाही, त्याला देवलांचे आणि गडकऱ्यांचे संवाद तोंडपाठ असत. १८८६ साली आणि पुढे १९३३ साली झालेल्या नियमावलींनी महाजनांचे हक्क, निवडणुका, अंदाजपत्रके आणि हिशोब कागदावर बांधले. अध्यक्ष, मुखत्यार, खजिनदार यांची कामे ठरवून दिली. त्या नियमावलीत मांडवातील प्रेक्षकाला स्थान नव्हते, आणि भाषेलाही नव्हते. दोन्हींची काळजी महाजनांनी आपखुशीने वाहिली. ही या संस्थेच्या इतिहासातील सर्वांत उजळ बाजूंपैकी एक होय.

या मांडवांनी काय दिले, याचा हिशोब मोठा आहे. सांगलीस विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केले, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' केले, हे सर्वश्रुत आहे. त्याच शतकात तिसवाडीतील डोंगरी येथे कृष्णंभट्ट बांदकर (१८४४–१९०२) देवाच्या उत्सवासाठी पदे आणि नाटके रचीत होते. तो उत्सव चैत्रातील रामनवमीचा. पण रीत हीच. पुढच्या पिढीत मंगेशी येथे २९ डिसेंबर १९०० रोजी जन्मलेल्या दीनानाथांनी १९१८ साली सहकाऱ्यांसह बलवंत संगीत मंडळी काढली. कुर्डीच्या मोगूबाई लहानपणी चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत दाखल झाल्या. त्या मंडळीचे नावच पर्वतावरील देवाचे होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकातून मराठी रंगभूमीवर आल्या, आणि कुलीन स्त्रीने रंगमंचावर उभे राहावे की नाही हा वाद त्यानंतर मागे पडत गेला. मंगेशाच्या अभिषेकी घराण्यातील जितेंद्र अभिषेकी यांनी 'मत्स्यगंधा'पासून नाट्यसंगीताला नवे वळण दिले. मुंबईकर गोमंतकीयांनी १९१९ साली स्थापिलेल्या गोवा हिंदु असोसिएशनच्या कला विभागाने २३ डिसेंबर १९७० रोजी 'नटसम्राट' रंगमंचावर आणले. तीही हिवाळ्यातलीच रात्र. मांडवातली सवय मुंबईच्या नाट्यगृहापर्यंत पोचली होती. एवढेच की तेथे दारावर तिकीट होते.

येथवर ऐकून महाजनांना अभिमान वाटला तर तो रास्तच आहे. परंतु जमेची बाजू वाचून खर्चाची झाकून ठेवणे हे हिशोबनिसाला शोभत नाही. मांडव सर्वांना खुला होता असे म्हणताना, त्यात कोण कोठे बसे हेही सांगितले पाहिजे. सभामंडपात कोण, अंगणात कोण आणि प्राकाराबाहेर भिंतीशी उभे राहून कोणी ऐकायचे, हे बऱ्याच ठिकाणी जन्माने ठरत असे. ज्याने रात्रभर गॅसबत्ती जागती ठेवली, ज्याने मांडवाचे खांब पुरले, ज्याने पालखीपुढे ढोल-ताशा वाजवला, त्याच्या मुलाने ते नाटक कोठून पाहिले, असा प्रश्न आजही विचारता येतो. उत्तर अवघड आहे, पण विचारणे टाळता येत नाही.

दुसरे ऋण कलावंत घराण्यांचे. देवासमोर गाणाऱ्या आणि रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या त्या स्त्रियांच्या गळ्यावर गोव्याचे संगीत जगले. दीनानाथांच्या मातोश्री येसूबाई मंगेशीच्या देवसेवेतील गायिका होत्या. ज्यांच्या गायनाने देवाची रात्र जागी राहिली त्यांना दिवसाच्या समाजात मानाची जागा नव्हती. त्यांच्या मुलांना वडिलांचे नाव मिळत नव्हते. त्या समाजाने शिक्षण, संघटना आणि स्वाभिमान यांच्या बळावर आपली वाट स्वतः काढली. त्यांचे श्रेय त्यांचे. परंतु त्या अन्यायात महाजन घराण्यांचा वाटा होता, हे महाजनांच्याच स्मरणिकेत छापले जावे हे बरे. बाहेरच्याने सांगण्याआधी घरच्याने कबूल केलेली चूक लवकर धुतली जाते.

मुक्तीनंतर चित्र वेगाने पालटले. १९ डिसेंबर १९६१ नंतर गावोगावी शाळा निघाल्या, रस्ते झाले, वीज आली. १९७० साली कला अकादमी स्थापन झाली आणि तिच्या मराठी नाट्यस्पर्धांनी गावच्या नटाला राजधानीचा रंगमंच दाखवला. पणजी, फोंडे, मडगाव येथे सुसज्ज नाट्यगृहे उभी राहिली. स्त्री-भूमिका स्त्रिया करू लागल्या. मांडवातील बसण्याच्या जुन्या रेषा बऱ्याच ठिकाणी पुसल्या गेल्या. या साऱ्याचे स्वागतच केले पाहिजे.

मात्र त्याच रस्त्यांनी आणि त्याच विजेने अनाहूत प्रेक्षकाची रात्र आखूड केली. पालखी झाली की दुचाकीवरून अर्ध्या तासात घर गाठता येते. मग रात्र काढण्यासाठी नाटकाची गरज उरत नाही. मुंबईचा महाजन दुपारचा प्रसाद घेऊन संध्याकाळच्या आत निघतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई केली. वर्षातील मोजक्या दिवशी, फार तर १५, राज्य सरकारला मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. आजाऱ्याची झोप आणि विद्यार्थ्याचा अभ्यास यांचा विचार करता हा नियम योग्य आहे. त्याच्याविरुद्ध तक्रार करण्यात अर्थ नाही. जुने नट ध्वनिवर्धकावाचून शेवटच्या चटईपर्यंत आवाज पोचवीत, एवढी आठवण नव्या नटांनी ठेवली तर पुरे.

तक्रार करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे, आणि ती नियमाने घडलेली नाही. अनेक मांडवांत पुढच्या खुर्च्यांवर आता नावांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. देणगीदार, पाहुणे, पदाधिकारी यांची ती नावे. त्यांपैकी निम्म्या खुर्च्या पहिल्या अंकानंतर रिकाम्या होतात, आणि मागे उभा असलेला माणूस त्यांवर येऊन बसण्यास कचरतो, कारण चिठ्ठी अजून तेथेच असते. ज्या मांडवात एकेकाळी चटईचा कोपरा आपोआप मोकळा होत असे, त्याच मांडवात रिकामी खुर्चीही मोकळी नसते. नाटक लोप पावण्याची सुरुवात रंगमंचावर होत नाही. ती अशा चिठ्ठीपाशी होते.

या ठिकाणी कुर्डी गावाची आठवण होणे अपरिहार्य आहे. साळावली धरणात ते गाव बुडाले. तेथील प्राचीन महादेवाचे मंदिर पुरातत्त्व खात्याने दगडादगडाने सुटे करून दुसरीकडे नेले आणि पुन्हा उभे केले. प्रत्येक शिळा आपल्या जागी बसली. गाव मात्र पांगले. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे जुनी माणसे घरांचे चौथरे पाहायला जातात. देऊळ उचलून नेता येते, हे त्या कारागिरांनी सिद्ध केले. देवळाभोवती रात्री जमणारी माणसे अशी क्रमांक घालून उचलता येत नाहीत. इतर गावांवर धरणाचे पाणी आलेले नाही. तरीही मांडव रिकामा पडत असेल, तर त्याचे कारण पाण्यात शोधता येणार नाही.

मग करावे काय? मोठमोठ्या योजनांची गरज नाही. पालखीची वेळ थोडी अलीकडे आणून नाटक संध्याकाळी ७ वाजता सुरू करता येईल आणि १० पूर्वी संपवता येईल. जुनी पाच अंकी नाटके बेताने संक्षिप्त करण्याची रीत नाट्यमंडळ्यांना चांगली अवगत आहे. पुढची एक रांग, चटईची का होईना, कोणाच्याही नावाची चिठ्ठी न लावता ठेवता येईल. वर्षातून एक तरी नाटक भाड्याच्या कंपनीऐवजी गावच्या मुलामुलींनी करावे, आणि त्यात महाजनांच्या नातवंडांनी गावच्या इतर मुलांबरोबर, एकाच रंगपटात, तोंडाला रंग लावून घ्यावा. जुन्या नकला, हातांनी लिहिलेल्या पदांच्या वह्या, पडद्यांची चित्रे आणि भूमिका करणाऱ्यांची नावे देवस्थानाच्या दप्तरात जमा करावीत. आणि त्या नावांत पेटीवाला, बत्तीवाला आणि मांडव घालणारा यांनाही घ्यावे. सोन्याच्या मुखवट्याची नोंद असते तशी या माणसांचीही असावी.

आणि दुपारी प्रसाद घेऊन परतणाऱ्या महाजनाने एखाद्या वर्षी तरी परतीची गाडी सोडून द्यावी. आधी ठरवून नव्हे. निघता निघता पेटीचा सूर कानावर पडला म्हणून. मुलाने हात ओढला तर त्याला नाही म्हणू नये. एकच अंक पाहू, असे म्हणून बसावे. पुढे काय होते ते जुन्या माणसांना ठाऊक आहे.

देवस्थानाची श्रीमंती मोजण्याची अनेक मापे आहेत. शिखरावरचा कळस आहे, रथ आहे, ठेवी आहेत. परंतु माघातल्या एखाद्या रात्री वाटेने जाणारा अनोळखी माणूस मांडवाच्या कडेला वहाणा हातात घेऊन उभा राहिला, आणि आत बसलेल्या कोणी मान न वळवता थोडे सरकून त्याला जागा करून दिली, तर ते देवस्थान श्रीमंत आहे असे खुशाल समजावे. त्याच्यासाठी सरकण्याची सवय महाजनांच्या घराघरांत राहो, एवढीच देवाच्या चरणी प्रार्थना.